मूठ किती मिनिटांनी वळते?

वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा बहुतेक एकाच जातीच्या आजारांचा निघाला. रोगप्रतिकारशक्ती जंतूंना सोडून आपल्याच सांध्यांवर, मणक्यावर, कातडीवर किंवा थायरॉइडवर उलटते, ते हे आजार. बरेचसे आयुष्यभर सोबत राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली आहेत. उत्तरं सांधेविकारांचे डॉक्टर आणि योगशिक्षक यांनी एकत्र बसून लिहिली आहेत. नावं मागण्यात आली नव्हती, छापलेलीही नाहीत.

प्रश्न : वय ४२. तीन वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आमवात आहे. मेथोट्रेक्सेट (उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) १५ मि.ग्रॅ. आठवड्यातून एकदा घेते. गावात मंदिराच्या सभामंडपात योगवर्ग सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात रोज १२ सूर्यनमस्कार आणि १० मिनिटं वज्रासन झालं. दोन्ही मनगटं आणि उजवा गुडघा सुजला. सासूबाई म्हणतात, ‘सकायले मूठ वयस नही, अन् तू योगा कसाले करस?’ आसनं सोडून देऊ का? कापूस वेचणी तोंडावर आली आहे. (चोपडा तालुका)

उत्तर : सासूबाईंनी मोजमाप मात्र अचूक सांगितलं. सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटं जातात, हा या आजाराचा घरच्या घरी बघता येणारा काटा आहे. दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज तेवढा एक आकडा लिहा. १०-१५ मिनिटं म्हणजे आजार बऱ्यापैकी आवरलेला. आठवडाभर तासाच्या वर जात असेल तर आसनं वाढवून उपयोग नाही, डॉक्टरांकडे जायचं.

आसनं सोडू नका, पण तुमच्या वर्गात जे झालं ते तुमच्यासाठी नव्हतं. या आजारात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि त्यात पाणी साठतं. सूर्यनमस्कारात तळवा जमिनीवर टेकतो, मनगट मागे काटकोनात वळतं आणि त्यावर धडाचा भार येतो. निरोगी मनगट ते सोसतं. सुजलेल्या मनगटातले बंध आधीच सैल पडलेले असतात, ते आणखी ताणले जातात. वज्रासनात गुडघा पूर्ण मिटतो आणि आतलं पाणी मागच्या बाजूला, लवणीत ढकललं जातं. तिथे कधी कधी पिशवी तयार होते. ती फुटली तर पोटरी एकाएकी सुजते आणि ठणकते. असं झालं तर ‘शीर भरली’ म्हणून चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच दिसते, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

सकाळचा क्रम असा ठेवा. अंथरुणातच, उठण्याआधी, पावलं वर-खाली १० वेळा, घोटे गोल ५-५ वेळा. मग घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घ्या. आंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित कमी गरम हवं, कोपर बुडवून बघा. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत १० मिनिटं बुडवा आणि पाण्यातच बोटं हलवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाट बोचरी असते, तेव्हा या दहा मिनिटांचा फरक लगेच जाणवतो. सांधा लाल आणि हाताला गरम लागत असेल तर शेक नको. त्या दिवशी थंड पाण्याची घडी १० मिनिटं.

हात पुसल्यावर बोटांकडे वळा. पंजा सरळ. मग बुंध्याचे सांधे सरळच ठेवून फक्त मधली आणि टोकाची पेरं वाकवा, आकड्यासारखी. परत सरळ. मग पूर्ण मूठ, अंगठा बाहेर. प्रत्येक ५ वेळा, हळू. मूठ आवळायची नाही, नुसती मिटायची. रबरी चेंडू दाबण्याचा सल्ला बरेच जण देतात. सुजलेल्या हाताला तो सल्ला चुकीचा आहे, त्या दाबाने बोटं करंगळीकडे वळायला मदतच होते. उलट तळवा टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट अंगठ्याच्या दिशेने सरकवा, आधी तर्जनी, शेवटी करंगळी. बोटं ज्या बाजूला वाकडी होत जातात, त्याच्या विरुद्ध बाजूची ही चाल आहे.

मग खुर्ची, हात नसलेली आणि न डगमगणारी. बसून एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट करून ५ आकडे मोजा, खाली. दोन्ही पाय १०-१० वेळा. गुडघ्याचा भार मांडीने उचलावा म्हणून हे. बोटांची टोकं खांद्यांवर ठेवून कोपरं गोल फिरवा, ५ पुढे, ५ मागे. सूर्यनमस्काराऐवजी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभ्या राहा, तळवे न टेकता कोपरापासूनचे हात भिंतीला टेकवा आणि एकेक पाय मागे नेऊन पोटरी ताणा, ५ श्वास. पाठीवर झोपून सेतुबंध करा, कंबर वीतभरच उचला, ३ श्वास, ३ वेळा. शवासनात गुडघ्यांखाली उशी चालेल, पण १० मिनिटंच. तीच उशी रात्रभर ठेवली तर गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग सरळ होईना म्हणून वेगळंच दुखणं मागे लागतं.

अनुलोम-विलोम करताना नाकपुडी धरायला बोटं वाकवावी लागतात. ती दुखत असतील तर हात मांडीवर ठेवून नुसत्या लक्षाने श्वास एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर असा धरा. श्वास कोंडायचा नाही. पाच मिनिटं पुरे. भ्रामरी ७ वेळा केलीत तरी चालेल.

सर्वांगासन, हलासन, शीर्षासन आणि मत्स्यासन तुम्हाला बंद. या आजारात मानेचे सर्वांत वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकू शकतात. मान वाकवली की पाठीतून किंवा हातांत विजेसारखी कळ जाते, हाताला मुंग्या येतात, चालताना पाय अडखळतात, यांतलं काहीही असेल तर मान वाकवून आणि उंचावून असे दोन्ही एक्स-रे काढल्याशिवाय मानेचा एकही व्यायाम करू नका.

मात्रा ठरवायची सोपी रीत आहे. आसनं संपल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं पाहिजे. दोन तासांनंतरही ठणकत असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. सांधा नव्याने सुजला तर त्या सांध्याचा फक्त हळुवार फिरवण्याचा व्यायाम करा, भार देऊ नका. बाकी शरीराचं चालू ठेवा. मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ आणि थकवा असतो अनेकांना, तो दिवस श्वास आणि शवासनाचा.

वेचणीबद्दल. बोंडातून कापूस ओढताना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सगळा जोर येतो. पाचही बोटांनी धरून ओढा, अर्ध्या तासाने हात बदला. कमरेच्या ओटीत वजन एका बाजूला लोंबतं. दोन्ही खांद्यांवर पट्टा येईल अशी झोळी शिवून घ्या आणि अर्धी भरली की रिकामी करा. पाण्याचा हंडा काठाला बोटं अडकवून उचलू नका, दोन्ही हात खालून घाला. दादर ज्वारीची भाकरी थापताना बोटांच्या टोकांनी न रेटता तळव्याच्या फुगीर भागाने थापा. आणि सकाळचा आकडा चाळिसाच्या वर असेल त्या दिवशी भाकरी घरातल्या दुसऱ्या कोणी थापावी. कोणी थापायची, हे आम्ही सासूबाईंवर सोडतो.

प्रश्न : आईचं वय ६१, आमवात. आठ महिने रोज योगासनं करते, दुखणं बरंच कमी झालं. म्हणून तिने आठवड्याची गोळी (मेथोट्रेक्सेट) स्वतःच बंद केली. शेताच्या बांधावरच्या निंबावरून गुळवेल आणून रोज काढा घेते. मध्ये एकदा दुखणं उलटलं तेव्हा कोणीतरी पुड्या आणून दिल्या, तिसऱ्या दिवशी आई जिना चढली. आता पुड्या दोन महिने चालू आहेत. काही धोका आहे का? (रावेर तालुका)

उत्तर : आधी पुड्यांचं. वर्षानुवर्षांचा आमवात तीन दिवसांत उतरवणारी वस्तू बहुतेक वेळा एकच असते : स्टिरॉइड, नाव न लिहिता मिसळलेलं. चेहरा गोल झालाय का, भूक आणि वजन वाढलंय का, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात का, साखर किंवा रक्तदाब नव्याने वाढलाय का, ते बघा. पण घाबरून पुड्या आज रात्री बंद करू नका. दोन महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं मंदावतात. एकदम थांबवलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. उरलेली पुडी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ते ठरलेल्या मात्रेची गोळी देऊन ती टप्प्याटप्प्याने उतरवतील. तोवर आईंनी पाठीची कमान करून पुढे वाकायची आसनं करू नयेत, पश्चिमोत्तानासन वगैरे. या वयात स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात आणि मणका पुढच्या बाजूने चेपतो. हाडांची घनता मोजून घ्या.

गुळवेल. सातपुड्याच्या पायथ्याला ती मुबलक, घरचीच वाटते, म्हणून औषध मोजावं तसं तिला कोणी मोजत नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या इजेचं रूप प्रतिकारशक्तीने यकृतावरच हल्ला केल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद त्यांचा चालू राहील. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र हिशोब सरळ आहे : प्रतिकारशक्ती आधीच उलटलेली, तिला चेतवणारं म्हणून जे दिलं जातं ते त्यांना कशासाठी? शिवाय मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालं की तेही यकृतातूनच जाणार. काढा थांबवा आणि यकृताची तपासणी करा.

आता गोळी. दिल्लीच्या एम्समध्ये आमवाताच्या ७२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ आठवड्यांच्या योगवर्गानंतर रक्तातल्या सुजेच्या खुणा आणि मनाची उदासी, दोन्ही कमी झाली होती. योगवर्गवाले हा अभ्यास आवडीने सांगतात. त्यातल्या रुग्णांची औषधं चालूच होती, हे वाक्य मात्र गाळतात. आठवड्याची गोळी लागू पडायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि सोडल्यावर तिचा असरही सावकाश ओसरतो. त्या मधल्या काळात माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय बरं आहे. दुखणं झोपलेलं असलं तरी सांध्याची झीज चालू असू शकते, आणि झिजलेलं हाड परत भरत नाही.

पुन्हा सुरू करताना : आठवड्यातला एकच वार, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या वारी. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. ही चूक नेहमी एकाच प्रकारे होते : पाकीट बाकीच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात टाकलं जातं. डबा वेगळा करा. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी, नंतर साधारण ३ महिन्यांनी.

प्रश्न : वय २८, रेल्वेत रात्रपाळी असते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आखडवणारा सूजेचा आजार) निघाला, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली जनुकाची खूण) पॉझिटिव्ह. घरचे म्हणतात आराम कर. पहाटे तीनला कंबर जागं करते. मी काय करावं? (भुसावळ)

उत्तर : हा आजार आरामाने बिघडतो. कंबरदुखी पडून राहिल्यावर वाढते आणि चालल्यावर उतरते, इथेच तो साध्या लचकेपासून वेगळा ओळखू येतो. म्हणून वरच्या दोन पत्रांतली सावधगिरी तुम्ही जशीच्या तशी उचलू नका. त्यांना भार कमी करायचा आहे, तुम्हाला हालचाल वाढवायची आहे.

तुमचा मणका पुढे वाकलेल्या स्थितीत गोठू पाहतो, त्यामुळे वजन मागे वाकणाऱ्या आसनांवर हवं. सुरुवात पालथं झोपण्याने करा. रोज १५ ते २० मिनिटं, उशी न घेता, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मोबाइल बघायचा तर असा बघा. मग कोपरांवर उठून भुजंगासन ५ श्वास, शलभासन एकेका पायाने ५-५ वेळा, मार्जारासन १० वेळा, खुर्चीत बसून दोन्ही बाजूंना पीळ ५ श्वास. मांडीचा पुढचा भाग आखडला की कंबर आणखी ओढली जाते, म्हणून एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढे, कंबर पुढे सरकवून ३० सेकंद, दोन्ही बाजू.

फासळ्या जिथे मणक्याला मिळतात ते सांधेही आखडतात आणि छाती फुगेनाशी होते. तळवे खालच्या फासळ्यांवर ठेवून, हातांना बाहेर ढकलत, १० सावकाश श्वास घ्या. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने मोजा : निपलच्या पातळीवर टेप, पूर्ण श्वास सोडून एक माप, पूर्ण भरून दुसरं. फरक ५ सें.मी.च्या आसपास किंवा वर हवा. २.५ च्या खाली गेला तर डॉक्टरांना आकडा सांगा. दुसरं माप भिंतीचं. टाचा आणि पाठ भिंतीला, हनुवटी न उचलता डोकं मागे. डोकं टेकलं पाहिजे. बोट शिरायला लागलं की समजा कुबडाची सुरुवात.

रात्रपाळीहून आलात की थेट झोपू नका, आधी १० मिनिटं हा क्रम आणि कोमट पाण्याची आंघोळ. गादी घट्ट, उशी पातळ. बिडी-सिगारेट असेल तर तीही याच आजाराचं खत आहे. डोळा लाल होऊन दुखला आणि उजेड सोसेना, तर मेडिकलमधून थेंब आणून टाकू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. पुढे कधी एक्स-रेत मणके जुळलेले दिसले तर झटक्याची, कोणी मागून दाबून करून घेण्याची आसनं कायमची बंद. जुळलेला मणका साध्या पडण्यानेही मोडतो.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, ल्युपस आहे (प्रतिकारशक्ती कातडी, सांधे, मूत्रपिंडावर उलटते तो आजार). कॉलेजात पटांगणावर सकाळी सूर्यनमस्कार असतात. पाठवावं का? (नंदुरबार)

उत्तर : सूर्यनमस्कार चालतील, सूर्य चालणार नाही. ल्युपसमध्ये उन्हाने नुसती कातडी भाजत नाही, आतला आजारही उसळतो. खोलीत करू द्या. बाहेर पडताना पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी किंवा स्कार्फ, आणि सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी पुन्हा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसची नेहमीची गोळी) चालू असेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मि.ग्रॅ.च्या वर मात्रा जाऊ नये, आणि सुरुवातीला एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून ठेवावी. पाय सुजले, लघवीला फेस आला तर मूत्रपिंडाची तपासणी लांबवू नका.

प्रश्न : हाशिमोटो थायरॉइड आहे (प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने ग्रंथी मंदावते तो). सर्वांगासनाने थायरॉइडची गोळी सुटते म्हणतात, खरं का? (धुळे)

उत्तर : नाही. मान मिटल्याने थायरॉइड ‘दाबला जाऊन जागा होतो’ ही कल्पना आहे, ग्रंथी काही स्पंज नव्हे. थकवा, बद्धकोष्ठ, झोप यांना योगाने बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर करा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. मात्रा बदलली की टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ६ ते ८ आठवड्यांनी, त्याआधी केलेली तपासणी फुकट जाते.

प्रश्न : आमवातासाठी अडालिमुमॅबचं (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) इंजेक्शन चालू आहे, शिवाय मेथोट्रेक्सेट आणि लागली तर वेदनाशामक गोळी. मे महिन्यात इथे ४५ अंश. आसनं बंद ठेवू का? आणि वांग्याचं भरीत खाऊ का? (जळगाव)

उत्तर : सकाळी सहाच्या आत आटपत असतील तर चालू ठेवा. पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली सोडून खालच्या मजल्यावर, ओल्या फरशीवर नव्हे, सतरंजीवर. कपालभाती-भस्त्रिका त्या महिन्यापुरती बाजूला. डोळे-तोंड कोरडं पडण्याचा त्रास असेल तर शीतलीही नको, तोंडाने ओढलेली गरम हवा आणखी सुकवते.

खरी काळजी पाण्याची. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अंगातलं पाणी आटलं की ते साठतं. त्यात वेदनाशामक गोळी घेतली की मूत्रपिंडावर दुहेरी भार. लघवी गडद पिवळी दिसली तर ती गोळी घेऊ नका, आधी पाणी, ताक, मिठाची पेज. जुलाब-उलट्या किंवा ताप असेल त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, इंजेक्शनही तोवर थांबवा.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहायला हवं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही, फ्रीझरला टेकून नाही. एकदा गोठलं की फेकायचं, वितळवून घ्यायचं नाही. ‘बाहेर २५ अंशांपर्यंत काही दिवस चालतं’ असं माहितीपत्रकात असतं, ते वाचून निश्चिंत होऊ नका. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात २५ अंश पहाटेही नसतात. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. लांबलीच तर थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून, इंजेक्शनला बर्फ न लागेल असं ठेवा.

आणि भरीत खा. वांगं वातूळ म्हणून सोडायचं, यामागे भक्कम आधार नाही. एखाद्याला दोन-तीनदा खाऊन प्रत्येक वेळी सांधे दुखले तर त्याने सोडावं. तेलाची धार तेवढी आवरा, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी दीडच घ्या. वजन वाढलं की पहिला हिशोब गुडघ्याला चुकता करावा लागतो.